विमान ‘हुबेहूब’ हवंय? रंगाला हात लावण्याआधी एवढं वाचा

आम्ही विमानांची छोटी मॉडेल्स जोडून, रंगवून देतो. सप्टेंबर 2025मध्ये मिग-21 हे लढाऊ विमान हवाई दलातून निवृत्त झालं आणि आमचा फोन जास्तच वाजायला लागला. नाशिकमध्ये ते साहजिक आहे. ही विमानं इथे ओझरच्या कारखान्यात बांधली गेली, आणि आमच्या गिऱ्हाइकांत कुणाचे वडील, कुणाचे काका त्यांच्यावर काम केलेले निघतातच. प्रत्येक फोनमध्ये एक वाक्य ठरलेलं: “एकदम खरं दिसलं पाहिजे हं!” आम्ही हो म्हणतो. मॉडेल तयार व्हायला आलं की व्हॉट्सअॅपवर एक फोटो येतो, चौथऱ्यावर उभ्या केलेल्या विमानाचा. खाली लिहिलेलं असतं, “खरं विमान असं आहे. तुमचा रंग चुकलाय.”

आमचा सगळ्यात जास्त वेळ खातो तो हा फोटो.

चौथऱ्यावरचं विमान खरंच असतं, त्यावरचा रंग मात्र त्याच्या उडण्याच्या काळातला असेलच असं नाही. उन्हापावसात उभं राहायचं म्हणून त्याला दर काही वर्षांनी नवा हात मारतात, आणि तोही मिळेल त्या ऑइल पेंटचा. बारीक सूचना, इशारे, झाकणांवरचे आकडे त्याखाली गडप होतात. कॉकपिटची काच पिवळी पडलेली असते, म्हणून पुष्कळदा तिच्यावरही रंग फासलेला असतो. एका गिऱ्हाइकाने आमच्याकडून काचसुद्धा तशीच राखाडी करून मागितली होती. आत आम्ही सीटचे पट्टे, घड्याळं सगळं रंगवलं होतं! शेवटी काच काचच राहिली, पण समजूत घालण्यात दोन संध्याकाळी गेल्या.

फोटो जरूर पाठवा. पण त्या विमानाचा क्रमांक आणि साल त्याहून आधी पाठवा. नुसतं ‘मिग-21’ म्हणून भागत नाही. 1971 सालचं, डिसेंबरात ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर रॉकेटं डागणारं मिग हवं असेल तर ते ‘एफएल’ प्रकारचं, म्हणजे ओझरची मंडळी ज्याला टाइप 77 म्हणायची ते. त्याला अंगची तोफ नव्हती; लागली तर पोटाखाली वेगळी बसवत. मुळात ते चंदेरी धातूच्या रंगाचं, आणि युद्धाच्या सुमारास अनेकांवर घाईघाईत हिरवे-तपकिरी पट्टे ओढले गेले. मिग-21च्याच पुढच्या ‘बिस’ प्रकाराची पाठ जाड, शिवाय मॉडेलच्या सुट्या भागांचा संचही वेगळा. एकाचं शरीर आणि दुसऱ्याचा रंग असं मॉडेल आम्ही करून देऊ शकतो, पण मग जाणकार पाहुणा आला की तोंड तुम्हाला द्यावं लागेल.

आता ‘खरं’ या शब्दाबद्दल थोडं. मॉडेलवर पत्र्यांच्या जोडांच्या ज्या रेघा दिसतात त्या साधारण पाव मिलिमीटरच्या असतात. 1/72 मापाच्या, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाएवढ्या मॉडेलच्या हिशोबाने खऱ्या विमानावर ती 18 मिलिमीटरची फट झाली, आरामात बोट जाईल एवढी. खरा जोड दोनेक मिलिमीटरचा धरला, तर मॉडेलवर तो केसाहूनही बारीक यायला हवा, म्हणजे दिसायलाच नको. पण रेघा पुसून टाकल्या की विमान साबणाच्या वडीसारखं दिसतं. म्हणून आम्ही रेघ ठेवतो, पण तिच्यात काळा रंग न भरता आजूबाजूच्या रंगाहून एक छटा गडद भरतो. रंगाचंही तसंच. घर रंगवलेल्या प्रत्येकाला माहीत आहे की शेडकार्डावरचा चौकोन आणि रंगवलेली भिंत एकसारखी दिसत नाही. दहा सेंटीमीटर पंखांच्या मिगवर मूळ रंग जसाच्या तसा मारला तर तो काळपट दिसतो. आम्ही दहा थेंबांना एक-दीड थेंब पांढरा टाकतो. याला कुणी लबाडी म्हणतं. म्हणोत.

जुनेपणा किती दाखवायचा, यावरून तर घरात भांडणं होतात. हवाई दलातून निवृत्त झालेल्या एका काकांसाठी मुलाने पंचाहत्तरीचं मॉडेल करून घेतलं. मुलाची मागणी होती की काजळी, ओघळ, खरवडलेला रंग सगळं हवं. आम्हीही हौसेने केलं. काका घ्यायला स्वतः आले, खिडकीशी नेऊन चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, “हे कुणाचं विमान? माझं असं कधी नव्हतं. रोज सकाळी फडका घेऊन मीच पुसायचो.” मग त्यांनी मॉडेल उलटं केलं, पोटाखालच्या तेलाच्या एका ओघळावर नख ठेवलं. “हा मात्र बरोबर. हा काही केल्या जायचा नाही.” वरचं सगळं काढून तेवढा एक ओघळ ठेवला. मुलगा थोडा हिरमुसला, पण मॉडेल आज काकांच्या दिवाणखान्यात आहे.

तेव्हापासून आम्ही आधीच विचारतो: कारखान्यातून नुकतं निघालेलं हवं, रोज उडणारं पण निगा राखलेलं हवं, की थकलेलं? काहीच सांगितलं नाहीत तर आम्ही मधलं करतो. आणि ते ज्यांना भेट द्यायचं आहे त्यांना विचारता आलं तर विचाराच.

हे रंगाआधी ठरायला हवं, कारण नंतर मागे फिरता येत नाही. चिन्हं आणि क्रमांक तावावर छापलेले येतात; ते पाण्यात भिजवून, सरकवून बसवतो आणि त्यावर वॉर्निश मारतो. एकदा ते बसलं की खालचं चिन्ह सुटं होत नाही. सगळा रंग उतरवून पहिल्यापासून करावं लागतं, चिन्हांचा नवा ताव मागवावा लागतो, आणि तो बाहेरून यायला काही आठवडे जातात. त्याचे पैसे आम्ही नाइलाजाने घेतो.

म्हणून रंग सुरू करण्याआधी प्लॅस्टिकच्या पट्टीवर तुमच्या विमानाच्या छटा मारून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. पट्टी घरी न्या आणि मॉडेल जिथे ठेवणार तिथल्याच दिव्याखाली बघा. मोबाइलवर बघून रंग मंजूर करू नका. पिवळ्या एलईडीखाली राखाडी रंग हिरवट दिसतो आणि खापर आमच्यावर फुटतं. बारकावे आवडत असतील तर 1/72ऐवजी 1/48 घ्या. किंमत वाढते, पण कॉकपिट खऱ्या अर्थाने दिसतं आणि पंखही पंधरा सेंटीमीटरचे होतात.

धूळ मऊ मेकअप ब्रशने झाडा, फडका नको. मिगच्या नाकावरची लांब नळी तुटून येणं हे आमच्याकडचं नेहमीचं दुरुस्तीकाम आहे. ऑर्डर देतानाच पितळेची सांगितलीत तर तीच बसवून देतो. प्लॅस्टिकची तुटली असेल तर तुकडा शोधत बसू नका, मॉडेल तेवढं खोक्यात नीट गुंडाळून आणा.