पाचशेची आणि सहाशे पंचवीसची: अमॉक्सिसिलिनच्या दोन गोळ्यांतला फरक

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारकडच्या मेडिकलवर एक मागणी नेहमी कानावर पडते: "पाचशेने काही होत नाही, सहाशे पंचवीसची द्या." आकडा मोठा म्हणजे गोळी जोरदार, असा हिशेब या मागणीमागे असतो आणि तो चुकीचा आहे. नेहमीच्या पाचशेच्या गोळीत किंवा कॅप्सूलमध्ये अमॉक्सिसिलिन हे जंतू मारणारे औषध (अँटिबायोटिक) ५०० मिलिग्रॅम असते आणि सहाशे पंचवीसच्या गोळीतही अमॉक्सिसिलिन तेवढेच, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच असते. वरचे १२५ मिलिग्रॅम क्लॅव्हुलॅनिक ॲसिडचे असतात आणि हे द्रव्य स्वतः जंतू मारण्याच्या कामी जवळजवळ येत नाही.

मग ते घालायचे कशाला? अमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्या कुळातले औषध असून ते जंतूची बाहेरची भिंत बांधू देत नाही. काही जंतू मात्र बीटा-लॅक्टमेज नावाचे विकर तयार करून औषधाचा रेणूच तोडून टाकतात. क्लॅव्हुलॅनिक ॲसिड त्या विकराला चिकटून त्याला निकामी करते आणि अमॉक्सिसिलिनला आपले काम करायला मोकळे ठेवते. असे विकर तयार न करणाऱ्या जंतूवर या जोडीदाराचा काडीचाही उपयोग नसतो. घसा सुजवणारा स्ट्रेप्टोकोकस हा जंतू त्याचे उत्तम उदाहरण आहे: त्याच्यावर साधे अमॉक्सिसिलिन पुरेसे ठरते आणि सहाशे पंचवीसची गोळी घेतल्याने घसा लवकर बरा होत नाही. उलट कुत्रे किंवा मांजर चावल्यावर जखमेत नाना प्रकारचे जंतू जातात, तेथे डॉक्टर जोडगोळीच (म्हणजे क्लॅव्हुलॅनिक ॲसिडसह असलेली गोळी) पसंत करतात. अर्थात ती रेबीजच्या लशीची जागा घेत नाही. विषाणूमुळे होणाऱ्या सर्दी-पडशावर आणि फ्लूवर पाचशेची आणि सहाशे पंचवीसची या दोन्ही गोळ्या सारख्याच निरुपयोगी आहेत.

आकड्यांचा आणखी एक सापळा आहे. सहाशे पंचवीसची गोळी मिळाली नाही म्हणून तीनशे पंचाहत्तरच्या दोन घेतल्या, तर अमॉक्सिसिलिन दोनदा २५० म्हणजे ५०० होते खरे, पण क्लॅव्हुलॅनिक ॲसिड दोनदा १२५ म्हणजे २५० मिलिग्रॅम पोटात जाते. या द्रव्यामुळेच जुलाब अधिक होतात. म्हणून जोडगोळी उपाशीपोटी न घेता जेवणाच्या सुरुवातीला, कळण्याच्या भाकरीच्या पहिल्या घासाबरोबर घेतली तरी चालेल, अशा बेताने घ्यावी. साधे अमॉक्सिसिलिन जेवणाआधी किंवा नंतर केव्हाही चालते. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्याला मात्र दोन्ही वर्ज्य आहेत. अंगावर गांध्या उठल्या, ओठ सुजले किंवा धाप लागली, तर पुढची गोळी न घेता थेट दवाखाना गाठावा.

साठवणुकीत खानदेशातला उन्हाळा दोघांची वेगवेगळी परीक्षा घेतो. क्लॅव्हुलॅनिक ॲसिडला दमट हवा अजिबात सोसत नाही, त्यामुळे जोडगोळी ॲल्युमिनियमच्या जाड पाकिटात येते आणि ती घेण्याच्या वेळीच फोडायची असते. आठवड्याच्या गोळ्या आधीच सोलून डबीत भरून ठेवण्याची सवय येथे घातक ठरते. मे महिन्यात भुसावळ-रावेरकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा पत्र्याच्या छताखालची फळी किंवा मोटारसायकलची डिकी ही गोळ्या ठेवायची जागा नव्हे.

लहान मुलांच्या सुक्या पावडरीच्या बाटलीबाबत तर अधिकच जपावे लागते. उकळून थंड केलेले पाणी बाटलीवरच्या खुणेपर्यंत घालून नीट हलवल्यावर जोडऔषधाची बाटली २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रीजमध्ये ठेवावी (बर्फाच्या कप्प्यात नव्हे) आणि साधारण सात दिवसांनी उरलेले औषध टाकून द्यावे. साध्या अमॉक्सिसिलिनच्या बाटलीची मुदत लेबलावर पाहावी. माठाजवळची गार जागा फ्रीजची बरोबरी करू शकत नाही. ज्यांच्याकडे फ्रीज नाही किंवा वीज तासन्‌तास जाते, त्यांनी हे डॉक्टरांना आधीच सांगावे, म्हणजे पाण्यात विरघळणारी गोळी देता येते का, याचा विचार होईल. प्रत्येक वेळी बाटली हलवून, सोबतच्या मापानेच औषध द्यावे. घरचे चमचे एकसारखे नसतात.

दोन्ही औषधांच्या पाकिटावर लाल उभी रेघ असते आणि ती चिठ्ठीशिवाय विकायची नसतात. किती दिवस घ्यायची ते आजारावर ठरते. बरे वाटताच कोर्स मनाने तोडू नये आणि एक वेळ चुकली म्हणून पुढच्या वेळी दोन गोळ्या घेऊ नयेत. जोडगोळीमुळे क्वचित कावीळ होते, आणि ती गोळ्या संपल्यावर काही आठवड्यांनीही दिसू शकते. अशा वेळी गावठी औषधाच्या शोधात दिवस घालवण्यापेक्षा गोळीचे रिकामे पाकीट किंवा जुनी चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जावे, कारण इतक्या दिवसांपूर्वीच्या गोळीचा विषय रुग्णाने काढला नाही, तर कावीळ कशाने झाली हे शोधणे कठीण जाते.