कुक, सॅम

कुक, सॅम : (२२ जानेवारी १९३१ – ११ डिसेंबर १९६४). अमेरिकन कृष्णवर्णीय गायक, गीतकार आणि ध्वनिमुद्रण-व्यावसायिक. ‘सोल’ ह्या गायनप्रकाराच्या प्रवर्तकांपैकी एक. मूळ नाव सॅम्युएल कुक. जन्म मिसिसिपी राज्यातील क्लार्क्सडेल येथे. वडील चार्ल्स कुक हे धर्मोपदेशक होते. १९३३ च्या सुमारास कुटुंब शिकागोस आले. तेथे भावंडांच्या ‘सिंगिंग चिल्ड्रन’ ह्या मेळ्यात आणि पुढे ‘हायवे क्यूसीज’ ह्या तरुणांच्या गॉस्पेल (कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील ख्रिस्ती भक्तिगायन) चमूत तो गात असे.

१९५० अखेरीस, काहींच्या मते १९५१ च्या आरंभी, ‘सोल स्टिरर्स’ ह्या नामवंत गॉस्पेल चमूत आर. एच. हॅरिस ह्याच्या जागी मुख्य गायक म्हणून त्याची निवड झाली. हॅरिसची जागा घेणे सोपे नव्हते. चार आवाजांच्या चौकडीच्या पारंपरिक गायनात दोन मुख्य गायकांनी आळीपाळीने पुढे येण्याची पद्धत रुजविण्याचे श्रेय हॅरिसलाच दिले जाते. स्पेशल्टी ह्या ध्वनिमुद्रिका कंपनीसाठी १९५१ मध्ये मुद्रित झालेल्या ‘जीझस गेव्ह मी वॉटर’मध्ये विशीतला कुक ऐकू येतो. त्याच्या देखण्या रूपामुळे गॉस्पेलच्या मैफलींना तरुण श्रोते येऊ लागले, असे समकालीन सांगतात.

त्याच्या गायनातील सर्वांत चर्चिलेले वैशिष्ट्य म्हणजे ‘वो-ओ-ओ’ अशा स्वरवर्णावर घेतलेली लहरती फिरत. अमेरिकन लेखनात तिला ‘योडल’ म्हणतात, पण ही संज्ञा काहीशी फसवी आहे. आल्प्स पर्वतातील योडलमध्ये छातीच्या आवाजातून उंच, पातळ आवाजात एकदम उडी घेतली जाते. ती कुककडे ठळक नाही. मराठी वाचकाला मुरकी अधिक जवळची वाटेल. मात्र मुरकी स्वराभोवती चटकन फिरून येते, तर कुकची फिरत शब्द लांबवून ओळीचा तोल सांभाळते. ती आली कोठून, ह्याविषयी दोन मते आहेत. चमूचा ज्येष्ठ सदस्य एस. आर. क्रेन ह्याच्या आठवणीनुसार, वरचा स्वर गाठता येईना तेव्हा कुकने त्याला बगल देऊन खालून वळसा घेतला आणि तोच पुढे त्याचा ठसा झाला. दुसऱ्या मताप्रमाणे तिचे मूळ हॅरिसच्याच गायकीत आहे. १९५१ च्या मुद्रणांवर हॅरिसची छाप जाणवते, आणि १९५६ च्या ‘टच द हेम ऑफ हिज गारमेंट’मध्ये ही फिरत पूर्ण कुकची झालेली दिसते. त्यामुळे ती एका रात्रीत गवसली असे मानण्यापेक्षा त्या पाच वर्षांत घडत गेली, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

धार्मिक गायकाने ऐहिक गाणी म्हणणे हे गॉस्पेलच्या श्रोत्यांना तेव्हा मोठे पाप वाटे. म्हणून ‘लव्हेबल’ हे पहिले प्रेमगीत १९५७ च्या सुरुवातीस ‘डेल कुक’ ह्या टोपणनावाने निघाले. आवाज लपला नाही. त्याची चाल ‘वंडरफुल’ ह्या गॉस्पेल गीताचीच होती. निर्माता बम्प्स ब्लॅकवेल आणि स्पेशल्टीचा मालक आर्ट रूप ह्यांच्यात साथीच्या गायकवृंदावरून खटका उडाला. त्यानंतर कुक व ब्लॅकवेल मुद्रणे घेऊन बाहेर पडले. त्यांतील ‘यू सेंड मी’ कीन कंपनीने १९५७ मध्ये काढले. पॉप आणि ऱ्हिदम अँड ब्लूज (कृष्णवर्णीयांचे लोकप्रिय संगीत) ह्या दोन्ही लोकप्रियता-याद्यांत ते पहिल्या क्रमांकावर पोहोचले. गीतकार म्हणून नाव भाऊ एल. सी. ह्याचे लागले, रूपला प्रकाशनहक्क सांगता येऊ नयेत, हा त्यामागील हेतू असल्याचे सांगतात. ह्याच सुमारास आडनावाच्या रोमन वर्णलेखनात शेवटी एक जादा ‘ई’ आला. देवनागरीत तो अर्थातच दिसत नाही.

सोल संगीताच्या जनकत्वाचा मान अनेक लेखक गायक-पियानोवादक रे चार्ल्स ह्याला देतात. गॉस्पेलचा आवेश व साचा ऐहिक गीतात आणण्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. परंतु चार्ल्स चर्चच्या गायनाकडे बाहेरून आला, कुक मात्र तेथूनच निघाला. त्याने आवेश कमी करून लकब तेवढी राखली.

१९६० मध्ये तो आरसीए व्हिक्टर कंपनीत गेला. ‘चेन गँग’, ‘क्यूपिड’, ‘ब्रिंग इट ऑन होम टू मी’ ही त्या काळातील गाजलेली गीते. जे. डब्ल्यू. अलेक्झांडरसह त्याने एसएआर ही स्वतःची ध्वनिमुद्रिका कंपनी व गीतप्रकाशन संस्था चालविली. कृष्णवर्णीय कलावंताच्या हाती स्वतःच्या गीतांचे हक्क असणे तेव्हा दुर्मिळ होते. गायक बॉबी वोमॅक व त्याचे भाऊ ह्याच कंपनीतून पुढे आले.

ऑक्टोबर १९६३ मध्ये लुइझिआनातील श्रीव्हपोर्ट येथे गोऱ्यांच्या हॉटेलात खोली नाकारल्यावर झालेल्या वादातून कुकला अटक झाली. ‘अ चेंज इज गॉना कम’ ह्या गीतामागे ही घटना, तसेच बॉब डिलनच्या ‘ब्लोइन इन द विंड’चा प्रभाव असल्याचे मानले जाते. रने हॉल ह्याच्या वाद्यरचनेत तंतुवाद्यवृंद, फ्रेंच हॉर्न आणि टिंपनी आहेत. ३० जानेवारी १९६४ रोजी ते मुद्रित झाले. ७ फेब्रुवारीस कुकने ते दूरचित्रवाणीवर गायले, परंतु ती फीत जतन झाली नाही. दोनच दिवसांनी ‘बीटल्स’ हा ब्रिटिश चमू एड सलिव्हनच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात झळकला आणि सर्वांचे लक्ष तिकडे वळले. ‘अ चेंज इज गॉना कम’ एकल तबकडीवर ‘शेक’ ह्या गीताच्या मागील बाजूस घेताना चित्रपटगृहात व शहरात जाण्यास मज्जाव झाल्याचा उल्लेख असलेले कडवे गाळण्यात आले, दीर्घ तबकडीवर ते शाबूत आहे.

ही एकल तबकडी डिसेंबर १९६४ च्या उत्तरार्धात निघाली, तेव्हा कुक हयात नव्हता. लॉस अँजेल्समधील एका मोटेलात व्यवस्थापिकेने झाडलेल्या गोळीने त्याचा मृत्यू झाला होता. मृत्यूच्या चौकशीत हे कृत्य समर्थनीय ठरविण्यात आले. कुटुंबीयांना मात्र तो निर्णय पटला नाही.

सोल गायक ओटिस रेडिंगने १९६५ च्या ‘ओटिस ब्लू’ ह्या संचात कुकची तीन गीते घेतली. १९८६ मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’च्या पहिल्याच तुकडीत कुकचा समावेश झाला. मायामीतील हार्लेम स्क्वेअर क्लबमध्ये जानेवारी १९६३ मध्ये केलेले मैफलीचे मुद्रण १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. कृष्णवर्णीय श्रोत्यांपुढील ह्या गायनातला खरखरीत, घामेजलेला आवाज आरसीएच्या गुळगुळीत तबकड्यांपेक्षा सोल स्टिरर्सच्या काळाला अधिक जवळचा आहे.