कोसोवो की कोसोवा?

बाल्कनमधल्या या बहुसंख्य अल्बेनियन प्रदेशाला सर्बिया आजही आपला प्रांत मानतो. हे भांडण नावापासूनच सुरू होतं. सर्ब म्हणतात कोसोवो, अल्बेनियन म्हणतात कोसोवा. सर्बियाच्या सरकारी कागदांत तर ‘कोसोवो आणि मेतोहिया’ असं जोडनाव असतं. मेतोहिया म्हणजे मठांच्या मालकीची जमीन. नाव घेतलं की पेच, देचानी, ग्राचानित्सा इथले मध्ययुगीन ऑर्थोडॉक्स मठ आणि त्यांच्यावरचा हक्क, दोन्ही आपोआप आले.

सर्बांची कालगणना २८ जून १३८९पासून. त्या दिवशी कोसोवोच्या मैदानात सर्ब सरदार लाझार आणि उस्मानी सुलतान मुराद दोघेही पडले. लढाई नक्की कोणी जिंकली यावर इतिहासकारांचं एकमत नाही, पण लोकगीतांनी तिला हौतात्म्याची गाथा करून टाकलं. अल्बेनियन स्वतःचा वंश थेट प्राचीन इलिरियन लोकांपर्यंत नेतात. मात्र त्यांच्या आधुनिक राजकारणाची सुरुवात १८७८मध्ये अल्बेनियन नेत्यांनी भरवलेल्या प्रिझ्रेन परिषदेपासून धरली जाते. १९१२मध्ये सर्बियाचं सैन्य आलं. एकाच्या पाठ्यपुस्तकात ती मुक्ती, दुसऱ्याच्या पुस्तकात कत्तल आणि ताबा. पुढच्या काळात सरकारने तिथे सर्ब आणि माँटेनेग्रिन वसाहतकार आणून बसवले; १९४१ला हा बराचसा मुलूख इटलीच्या छत्राखालच्या अल्बेनियात गेला, तेव्हा त्याच वसाहतकारांना हुसकावण्यात आलं. ‘आधी कोणी केलं?’ याचं उत्तर साल कुठलं धरता त्यावर बदलतं.

माझ्या मते आजच्या सार्वभौमत्वाच्या वादाची खरी गाठ १३८९मध्ये नाही, ती १९७४मध्ये आहे. त्या वर्षीच्या युगोस्लाव घटनेने कोसोवोला स्वतःची विधानसभा, स्वतंत्र घटना आणि देशाच्या सामूहिक अध्यक्षमंडळात जागा दिली. प्रजासत्ताकाचा दर्जा मात्र दिला नाही. कागदावर तो सर्बियातला स्वायत्त प्रांतच राहिला. कारण असं, की अल्बेनियनांचा स्वतःचा देश सीमेपलीकडे होता, म्हणून युगोस्लावियात ते ‘राष्ट्र’ नव्हते, फक्त ‘राष्ट्रीयत्व’ होते. शब्दांचा हा कीस तेव्हा निरुपद्रवी वाटला असेल. पण १९९१नंतर युगोस्लाविया फुटला तेव्हा युरोपने मान्यता दिली ती प्रजासत्ताकांना. कोसोवोचा अर्ज बाजूला पडला.

तोवर बरंच बिघडलं होतं. १९८१मध्ये कोसोवोची राजधानी प्रिश्तिना इथले विद्यार्थी प्रजासत्ताकाची मागणी करत रस्त्यावर उतरले, त्यांना बळाने दडपलं गेलं. छळामुळे गाव सोडावं लागतंय, अशी तक्रार स्थानिक सर्ब करत होते. या खदखदीवर सर्बियाचे नेते स्लोबोदान मिलोशेविच यांनी राजकारण उभं केलं आणि मार्च १९८९मध्ये प्रांताची स्वायत्तता काढून घेतली. तीनच महिन्यांनी, १३८९च्या लढाईला ६०० वर्षं झाली म्हणून त्याच मैदानाजवळ त्यांनी प्रचंड सभा घेतली. अल्बेनियनांच्या नोकऱ्या गेल्या, शाळा घराघरांत भरू लागल्या. अल्बेनियन नेते इब्राहिम रुगोवा यांनी अहिंसक प्रतिकाराचा आग्रह धरला, पण बोस्नियातलं युद्ध संपवणाऱ्या १९९५च्या डेटन करारात कोसोवोचा प्रश्न वगळला गेला. बंदूक न उचलणाऱ्याला काही मिळत नाही, हा धडा तरुणांनी घेतला. पुढच्या दोन-तीन वर्षांत अल्बेनियनांची सशस्त्र संघटना, कोसोवो मुक्ती सेना, उघडपणे लढू लागली.

१९९९ची ७८ दिवसांची नाटो बॉम्बफेक, लाखो अल्बेनियनांची हकालपट्टी, सर्ब फौजांची माघार आणि त्यानंतर सर्ब व रोमा (जिप्सी) लोकांवर उगवलेला सूड हे बहुतेकांना ठाऊक असतं. बेलग्रेडच्या मानवी हक्क कार्यकर्त्या नताशा कांदिच यांच्या संस्थेने १९९८ ते २००० या काळातल्या मृत आणि बेपत्तांची नाववार नोंद केली: १३,५३५. त्यात दहा हजारांहून अधिक अल्बेनियन, दोन हजारांहून अधिक सर्ब. सर्बियातच राहून केलेली ही मोजदाद मला कुठल्याही भाषणापेक्षा मोलाची वाटते.

जबाबदारीचा प्रश्न मात्र प्रेतांनीच वर आणला. एप्रिल १९९९मध्ये डॅन्यूब नदीत एक शीतपेटीचा ट्रक सापडला, आत अल्बेनियनांची प्रेतं. पुरावा लपवायला ती कोसोवोतून सर्बियात आणलेली होती. दोन वर्षांनी बेलग्रेडजवळच्या बातायनित्सात, पोलिसांच्या तळावर, सामूहिक कबरी उघडल्या; तिथे ७००हून अधिक मृतदेह निघाले. मिलोशेविच २००६मध्ये हेगमधल्या खटल्याच्या निकालाआधीच वारले, पण तत्कालीन युगोस्लाव उपपंतप्रधान निकोला शाइनोविच आणि पोलीस अधिकारी व्लास्तिमिर जॉर्जेविच यांना हेगच्या युद्धगुन्हे न्यायाधिकरणाने दोषी ठरवलं. मुक्ती सेनेचे रामुश हारादिनाय दोनदा निर्दोष सुटले. साक्षीदारांना धमकावलं गेल्यामुळेच त्यांचा खटला पुन्हा चालवावा लागला होता. २०१५मध्ये कोसोवोच्या संसदेने हेगमध्ये बसणारं विशेष न्यायालय मंजूर केलं. आरोपपत्र कायम झाल्यावर २०२०मध्ये मुक्ती सेनेचे माजी नेते हाशिम थाची यांनी राष्ट्राध्यक्षपद सोडलं. प्रिश्तिनात आजही अनेकांना हे न्यायालय म्हणजे स्वातंत्र्यलढ्यावरचा डाग वाटतो.

१७ फेब्रुवारी २००८ला कोसोवोने स्वातंत्र्य जाहीर केलं. ही घोषणा आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग करत नाही, एवढंच आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१०मध्ये सांगितलं. कोसोवो राज्य आहे की नाही, हे सांगितलंच नाही. भारताने मान्यता दिलेली नाही. काश्मीर मनात असलेल्या दिल्लीकडून वेगळं काही अपेक्षितही नव्हतं.

सुमारे १,६०० माणसं अजून बेपत्ता आहेत. डीएनए चाचणी येण्याआधी कपड्यांवरून, वस्तूंवरून ओळख पटवून काही प्रेतं चुकीच्या नावाने पुरली गेली. म्हणून प्रिश्तिनाच्या शवागारात सुमारे ३०० जणांचे अवशेष पडून आहेत आणि ज्यांच्याशी ते जुळायला हवेत, त्यांच्यापैकी काहींच्या नावाच्या कबरी आधीच बांधलेल्या आहेत.