मायक्रोग्लिया : दाबून टाकायच्या की सांभाळायच्या?

हल्ली मेंदूतलं इन्फ्लमेशन, म्हणजे सूज, कमी करा हा सल्ला सगळीकडे दिसतो, कधी डाएटच्या व्हिडिओत, कधी सप्लिमेंटच्या जाहिरातीत, आणि त्याच्यामागे असं गृहीत धरलेलं असतं की मेंदूतली इम्युनिटी जितकी गप्प तितकं चांगलं. मला हे अजिबात पटत नाही. मेंदूतल्या इम्यून पेशी काय काय करतात हे एकदा नीट कळलं की तुम्हालाही पटणार नाही असं वाटतं.

खरं तर बरीच वर्षं शास्त्रज्ञसुद्धा मेंदूला इम्यून सिस्टिमपासून जवळजवळ वेगळाच धरत होते. पीटर मेडावर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1948 मध्ये सशांवरचे प्रयोग छापले, दुसऱ्या सशाची त्वचा अंगावर लावली तर शरीर ती नाकारतं, पण मेंदूत लावलेला तुकडा मात्र टिकून राहायचा. लोकांनी एवढंच लक्षात ठेवलं. त्याच प्रयोगातली दुसरी गोष्ट मागे पडली, ती म्हणजे त्या सशाला आधी अंगावर तीच परकी त्वचा लावलेली असेल तर मेंदूतला तुकडासुद्धा नाकारला जायचा, म्हणजे इम्यून पेशी तिथे पोचू शकत होत्याच.

मेंदूच्या आत कायम मुक्कामाला असलेल्या इम्यून पेशी म्हणजे मायक्रोग्लिया. पिओ देल रिओ-ओर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञाने 1919 मध्ये चांदीचे क्षार वापरून त्या रंगवून दाखवल्या आणि त्यांना हे नाव दिलं. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी बोन मॅरोमध्ये तयार होतात, पण मायक्रोग्लियाचं तसं नाही, उंदरांवरच्या 2010 च्या संशोधनात कळलं की गर्भ अगदी सुरुवातीच्या अवस्थेत असताना त्याला जोडलेली जी योक सॅक नावाची पिशवी असते तिथे यांच्या पूर्वज पेशी जन्मतात, तिथून मेंदूत येतात आणि मग तिथेच राहतात, तिथेच विभागून आपली संख्या टिकवतात. माणसाच्या मेंदूत एक मायक्रोग्लिया सरासरी चारेक वर्षं जगते असा पेशींमधल्या कार्बन-14 या किरणोत्सारी कार्बनच्या प्रमाणावरून काढलेला अंदाज आहे.

आता यातली मला सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट. जुन्या पुस्तकांत या पेशी ‘रेस्टिंग’ म्हणजे आराम करणाऱ्या असं लिहिलेलं असायचं, काही बिघडलं की जाग्या होणाऱ्या. 2005 मध्ये दोन वेगवेगळ्या टीमनी जिवंत उंदरांच्या मेंदूत टू-फोटॉन मायक्रोस्कोपने, म्हणजे जिवंत मेंदूत थोडं आतपर्यंत बघता येणाऱ्या लेझर मायक्रोस्कोपने, बघितलं, उंदीर असे होते की त्यांच्या मायक्रोग्लिया हिरव्या चमकायच्या, आणि दिसलं काय तर पेशीचा मधला भाग जागचा हलत नाही पण तिच्या बारीक फांद्या सतत वाढतायत, आखडतायत, वळतायत, मिनिटाला साधारण दीड मायक्रॉन या वेगाने, इतक्या की काही तासांत मेंदूचा सगळा भाग एकदा चाचपून होतो. लेझरने एका ठिकाणी अगदी छोटी जखम केली तर आजूबाजूच्या पेशींच्या फांद्या काही मिनिटांत तिकडे वळल्या आणि त्यांनी त्या जागेभोवती वेढा घातला. फुटलेल्या पेशीतून एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारं रसायन, बाहेर सांडतं, त्याच्या वासावर त्या येतात म्हणा ना. याला आराम कसं म्हणायचं?

आणि जखमच हवी असंही नाही. वाढत्या मेंदूत न्यूरॉनमधली कनेक्शन, म्हणजे सायनॅप्स, गरजेपेक्षा खूप जास्त तयार होतात आणि नंतर त्यातली बरीच काढून टाकावी लागतात. बेथ स्टीव्हन्स या अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की सी1क्यू आणि सी3 ही प्रोटीन, जी एरवी शरीरात जंतूंवर चिकटून त्यांना खाण्यासाठी खूण करतात, तीच नको असलेल्या सायनॅप्सवर चिठ्ठीसारखी चिकटतात आणि मायक्रोग्लिया येऊन ते सायनॅप्स गिळून टाकतात. तेच हत्यार, पण काम मेंदूची जडणघडण करण्याचं. हेच जास्त झालं तर मात्र नुकसान आहे, 2016 मध्ये स्किझोफ्रेनियाचा धोका सी4 या त्याच साखळीतल्या जीनशी जोडला गेला, ज्यांच्यात त्याचं काम जास्त चालतं त्यांच्यात धोका जास्त.

मग दाबायचं का हे सगळं? मल्टिपल स्क्लेरॉसिस या आजाराचंच बघा. त्यात टी सेल्स, म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, बाहेरून मेंदूत घुसतात आणि नर्व्हवरचं मायलिनचं आवरण खराब होतं, म्हणून त्यांना रक्तातून आत जाऊच द्यायचं नाही असं नॅटालिझुमॅब नावाचं औषध आलं, 2004 मध्ये मान्यता मिळाली. औषध चांगलंच चालतं. पण काही पेशंटना पीएमएल नावाचा मेंदूचा जीवघेणा आजार झाला, तो जेसी व्हायरसमुळे होतो, हा व्हायरस खूप लोकांच्या शरीरात निवांत पडून असतो आणि टी सेल्सची गस्त चालू असेपर्यंत त्रास देत नाही. 2005 मध्ये औषध बाजारातून काढलं, 2006 मध्ये कडक देखरेखीच्या अटी घालून परत आणलं. ही गस्त किती गरजेची होती ते ती थांबवल्यावर कळलं, आणि काहींना त्याची किंमत जिवाने मोजावी लागली याचं फार वाईट वाटतं.

अल्झायमरमध्ये तर आणखीच उलटं चित्र आहे. मेंदूत अमायलॉइड नावाच्या प्रोटीनचे गोळे साठतात, त्यांच्याभोवती मायक्रोग्लिया गोळा झालेल्या दिसतात, म्हणून बरीच वर्षं वाटायचं की याच खऱ्या गुन्हेगार, यांना शांत करा. नॅप्रोक्सेन आणि सेलेकॉक्सिबसारख्या सूज कमी करणाऱ्या गोळ्यांनी अल्झायमर टळतो का याची मोठी ट्रायल झाली, फायदा दिसला नाही. मग 2012 च्या शेवटी ट्रेम2 या जीनवरचे पेपर आले. मेंदूत हा जीन मुख्यतः मायक्रोग्लियातच चालतो, आणि त्याचं एक बिघडलेलं रूप ज्यांच्याकडे असतं त्यांना अल्झायमरचा धोका कितीतरी वाढतो, काही गटांत जवळजवळ तिप्पट. या रूपात मायक्रोग्लिया जास्त आक्रमक होत नाहीत, त्या अमायलॉइडभोवती नीट गोळाच होत नाहीत, म्हणजे घेराव ढिला पडतो आणि शेजारच्या न्यूरॉनना जास्त इजा होते. अर्थात ट्रेम2 ला चालना दिली की झालं असंही नाहीये, तसं एक अँटीबॉडी औषध 2024 मध्ये ट्रायलमध्ये अपयशी ठरलं. आजाराच्या कुठल्या टप्प्यावर चालना द्यायची आणि कुठल्या टप्प्यावर आवर घालायचा, हा माझ्या मते यातला खरा अवघड प्रश्न आहे.

मायक्रोग्लियाच धड नसतील तर काय होतं हे दाखवणारा एक दुर्मिळ आजार पण आहे. सीएसएफ1आर नावाचा रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचं बाहेरचे संदेश पकडणारं प्रोटीन, या पेशींना जगायला लागतो, त्याच्या जीनमध्ये दोष असेल तर बऱ्याचदा चाळिशीच्या आसपास मेंदूतला पांढरा भाग झिजायला लागतो, स्वभाव बदलतो, चालणं बिघडतं, स्मृती जाते. यात आता बोन मॅरो ट्रान्सप्लांट करून बघतात, दात्याच्या पेशी मेंदूत जाऊन मायक्रोग्लियाची जागा घेतात, आणि काही पेशंटमध्ये त्यानंतर आजार पुढे सरकायचा थांबला आहे.