सरफेसी आणि ‘वकील काय करणार?’

बँकेने दारावर नोटीस डकवली की ओळखीतला कुणीतरी जाणता सांगतोच, "सरफेसी आहे, कोर्ट नाही. वकिलावर पैसे घालू नका." हे अर्धंच खरं. सरफेसी म्हणजे थकलेल्या कर्जासाठी कोर्टात न जाता तारण ठेवलेली मालमत्ता ताब्यात घेऊन विकायची मुभा बँकेला देणारा 2002 चा कायदा. त्याचं कलम 34 दिवाणी न्यायालयाला हात लावू देत नाही. पण कलम 17 खाली 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, दाद मागता येते. त्यासाठी आधी बँकेने मागितलेल्या रकमेचे 75 टक्के भरावे लागतात, हीसुद्धा जुनीच अफवा. ती अट सुप्रीम कोर्टाने 2004 मध्येच मार्डिया केमिकल्स प्रकरणात उडवली. निम्मी रक्कम भरण्याची अट आहे ती पुढच्या अपिलाला.

या कामातला वकील आधी भाषण ठोकत नाही, कागद चाळतो. मागणी नोटिशीत 60 दिवस दिलेत का? कर्जदाराच्या हरकतीला बँकेने 15 दिवसांत उत्तर दिलं का? तारण शेतजमीन असेल तर सातबारा, आणि त्यावरची पिकांची नोंद. शेतजमिनीला हा कायदा लागूच नाही, मात्र ती खरोखर कसली जात असायला हवी. कर्ज माफ करून देणारा वकील मात्र कुठेच मिळत नाही. आणि लिलावाची नोटीस छापून आल्यावर थकबाकी भरून घर सोडवायचा हक्कही उरत नाही.