अंतराळात गुरुत्वाकर्षण नसतं? असतं!

अंतराळवसाहतीत वाढणाऱ्या मुलांच्या गोष्टींत एक वाक्य हमखास येतं: इथे गुरुत्वाकर्षण नाही, म्हणून सगळे तरंगतात. मुलं ते खरं धरतात आणि मोठेपणीही तेच सांगतात. ते चूक आहे.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर फिरतं. तिथेही पृथ्वीची ओढ इथल्या जवळजवळ ९० टक्के असते. अंतराळवीर तरंगतात, कारण ते स्थानकासकट सतत पडत असतात. मात्र ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने पुढेही जात असल्यामुळे जमिनीला टेकत नाहीत. घरी करून बघा: बाटलीला तळाशी भोक पाडा, पाणी भरा, झाकण काढूनच ठेवा. धार सुरू होते. आता बाटली गच्चीवरून सोडून द्या (खाली कोणी नाही ना, ते आधी पाहा). पडताना धार थांबते! पाणी आणि बाटली एकाच वेगाने पडतात, एवढंच.

आणि वसाहतीत तरंगायलाच हवं असंही नाही. १९७५ मध्ये नासाच्या एका अभ्यासात १०,००० माणसांसाठी सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं चाक आखलं होतं. ते मिनिटाला एक फेरी घेणार, आणि गरगर फिरवलेल्या बादलीत पाणी तळाला चिकटून राहतं तशी माणसं कडेच्या जमिनीवर उभी राहणार, पृथ्वीइतक्याच वजनाने. फक्त तिथल्या मुलाने चेंडू सरळ पाच मीटर उंच उडवला, तर तो हातात परतणार नाही; मीटरभर पुढे पडेल. गोष्ट लिहिणाऱ्यांनो, हा चेंडू घ्या ना!