पसरणी घाट उतरताना एबीएसवर विसंबू नका

पाचगणीहून वाईकडे उतरताना पसरणी घाटात कुठेतरी जळका वास येतो ना, तो तापलेल्या ब्रेकचा असतो. गाडीला एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे मग टेन्शन कसलं, असं बरेच जण म्हणतात. एबीएस भारीच आहे, पण त्याचं काम वेगळं.

प्रत्येक चाकापाशी सेन्सर असतो, तो चाकाचा वेग सतत मोजतो. पावसात यवतेश्वरच्या उतारावर किंवा उसाच्या ट्रॅक्टरने रस्त्यावर आणलेल्या चिखलात तुम्ही कचकन ब्रेक मारला आणि एखादं चाक लॉक व्हायला आलं की कंप्युटर त्या चाकाचं प्रेशर क्षणभर सोडतो, परत देतो, परत सोडतो, असं सेकंदाला कितीतरी वेळा. पेडल थरथरतं ते यामुळेच, तेव्हा घाबरून पाय उचलायचा नाही, दाबूनच धरायचं. लॉक झालेलं चाक नुसतं घसरतं, स्टिअरिंग ऐकत नाही, फिरतं चाक ऐकतं, म्हणून ब्रेक दाबलेला असतानाही समोरची ट्रॉली चुकवता येते आणि माझ्या मते खरा फायदा हाच. सुट्या खडीवर मात्र थांबायला उलट जास्त अंतर लागू शकतं.

आता घाटाचा हिशोब बघा. पाचगणी वाईपेक्षा 500 मीटरहून जास्त उंच आहे. माणसांसकट 1200 किलोची गाडी नुसती 500 मीटर खाली आली तरी जवळपास 60 लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायलाच पाहिजे, तेवढ्या उष्णतेत 18 लिटर पाणी उकळीला येईल! थोडी हवेच्या आणि टायरच्या घर्षणात जाते, पण न्यूट्रलवर उतरलात तर उरलेली सगळी ब्रेकमध्ये. तिथे एबीएस काहीच करू शकत नाही. पॅड तापले की पकड ढिली पडते, ब्रेक ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दबतात आणि पेडल भसकन खाली जातं. त्यात हे ऑइल हवेतला ओलावा ओढतं, डॉट 3 दर्जाचं नवं ऑइल निदान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर तेच 140 अंशांनाही उकळू शकतं, म्हणून दोनेक वर्षांनी बदलाच.

खालचा गिअर टाका, इंजिन गाडी रोखून धरतं. आणि गिअरमध्ये एक्सिलरेटर सोडला की इंजेक्शनच्या गाड्या इंधन जवळजवळ बंदच करतात, त्यामुळे न्यूट्रलने पेट्रोल वाचतं हे खरं नाही. इंजिन बंद करून उतरणं तर फारच वाईट, ब्रेक दाबायला जोर देणाऱ्या बूस्टरचा व्हॅक्यूम दोन-तीनदा ब्रेक दाबला की संपतो आणि पेडल एकदम कडक होतं. वास आलाच तर मोकळी जागा बघून थांबा, ब्रेक आपोआप गार होऊ द्या, तापलेल्या डिस्कवर पाणी अजिबात ओतू नका, ती वाकडी होऊ शकते.